मेई-९ च्या माश्या मोजताना गेलेले सात महिने

लॅबमधे पहिल्या दिवशी माझ्या हातात फळमाश्यांच्या, म्हणजे ड्रोसोफिलाच्या, दोन व्हायल (माश्या पाळायच्या छोट्या नळ्या) दिल्या गेल्या, एकीवर साधा स्टॉक आणि दुसरीवर मेई-९, म्हणजे त्या नावाचा जीन बिघडलेल्या माश्या, आणि सर म्हणाले की या दोघींतला फरक सांग. मी मायक्रोस्कोपखाली अर्धा तास बघत बसले, डोळे बघितले, पंख बघितले, पाठीवरचे केस बघितले, काही म्हणजे काहीच फरक दिसेना. तसं सांगितलं. ते म्हणाले, बरोबर आहे, दिसणार नाहीच, या जीनचं बिघडलेपण माशीच्या अंगावर दिसत नाही, ते तिच्या पिल्लांमधे मोजावं लागतं. पुढचे सात महिने मी तेच केलं, मोजलं. म्हणून हे सगळं सविस्तर लिहून ठेवतेय, कारण पुस्तकात डीएनए रिपेअर वाचताना जे कळलं नव्हतं ते मला व्हायल मोजून कळलं.

आधी थोडी पार्श्वभूमी. डीएनए रोज तुटतो, केमिकलमुळे खराब होतो, पेशी तो दुरुस्त करते, हे सगळ्यांना माहीत असतं. पण अंडं तयार होताना पेशी स्वतःहून डीएनए तोडते, मुद्दाम, ठरवून. आईकडून आलेला आणि बापाकडून आलेला क्रोमोसोम शेजारी येतात, त्यात दोन्ही धागे तुटतील असे कट होतात आणि ते कट दुरुस्त करताना काही ठिकाणी दोघांचे तुकडे अदलाबदल होतात, तोच क्रॉसओव्हर. म्हणजे ही अदलाबदल, जिला रिकॉम्बिनेशन म्हणतात, दुरुस्तीचीच एक तऱ्हा आहे. हे वाक्य मी परीक्षेत लिहिलं होतं पण त्याचा अर्थ तेव्हा माझ्यापर्यंत पोचलेला नव्हता.

मेई-९ हा जीन १९७२ मधे बेकर आणि कार्पेंटर यांनी एक्स क्रोमोसोमवर म्युटेशन, म्हणजे जीनमधे बदल, करून शोधला, ते शोधत होते मायोसिस, म्हणजे अंडी आणि स्पर्म बनवणारं पेशीविभाजन, बिघडवणारे जीन, म्हणून नावात मेई. मग १९७६ मधे बॉइड आणि त्यांचे सहकारी वेगळ्याच कामासाठी माश्या चाळत होते, त्यांना हव्या होत्या केमिकल सहन न होणाऱ्या माश्या, ज्यांना मस म्युटंट (जीन बिघडलेल्या माश्या) म्हणतात, आणि त्यांच्या जाळ्यात परत मेई-९ सापडला, शिवाय मेई-४१ हा दुसरा जीन पण. दोन वेगळ्या वाटांनी गेलेली माणसं एकाच दारात येऊन उभी राहिली! मला ही गोष्ट अजूनही फार आवडते. पुढे १९९५ मधे कळलं की मेई-९ म्हणजे यीस्टमधल्या आरएडी-१ या जीनचाच भाऊबंद आहे, डीएनएचा खराब झालेला भाग कापून काढणारी कात्री. माणसात याच घराण्यातल्या जीनला एक्सपीएफ म्हणतात. माणसात ही कात्री बिघडली तर झेरोडर्मा पिग्मेंटोसम हा ऊन सहन न होण्याचा आजार होऊ शकतो.

माझं काम तीन भागांचं होतं: केमिकलची टेस्ट, क्रॉसओव्हर मोजणं आणि क्रोमोसोम नीट वाटले जातात की नाही ते बघणं.

पण त्या सगळ्याच्या आधी व्हर्जिन, म्हणजे मीलन न झालेल्या माद्या, गोळा करणं शिकावं लागतं, आणि ते नीट जमलं नाही तर पुढचं काहीच खरं नाही. मादी एकदा मीलन झालं की स्पर्म साठवून ठेवते आणि बरेच दिवस वापरते, त्यामुळे तुम्ही लावलेल्या क्रॉसचा, म्हणजे ठरवून लावलेल्या जोडीचा, बाप तुम्हाला वाटतो तो नसतोच. २५ डिग्रीला कोषातून बाहेर पडलेली मादी साधारण ८ तास मीलन करत नाही, तेवढी खिडकी आपल्याला मिळते. म्हणून सकाळी लवकर येऊन बाटल्या रिकाम्या करायच्या, दुपारी एकदा गोळा करायच्या, संध्याकाळी एकदा, आणि रात्री बाटल्या १८ डिग्रीला ठेवायच्या म्हणजे सगळं संथ होतं आणि ती खिडकी लांबते. नुकती बाहेर आलेली मादी फिकट असते, पंख पूर्ण उलगडलेले नसतात आणि पोटात एक गडद ठिपका दिसतो, तो दिसला की डोळे झाकून घ्यायची. ब्रशने उचलताना पहिल्या आठवड्यात मी कितीतरी माश्या चिरडल्या, माश्यांना बेशुद्ध ठेवणाऱ्या सीओटू पॅडवर जास्त वेळ ठेवून मारल्या. महिनाभरात हात बसला.

केमिकलची टेस्ट सगळ्यात आधी केली. एमएमएस नावाचं केमिकल वापरतात, ते डीएनएच्या बेसवर मिथाइल गट चिकटवतं. कॅन्सर करू शकणारी गोष्ट आहे, म्हणून फ्यूम हूड, डबल ग्लोव्ह्ज, वेगळा कचरा, या बाबतीत कुणीही घाई करू नये असं मी अगदी मनापासून सांगेन. क्रॉस असा होता की आईकडे एक मेई-९ चा एक्स आणि दुसरा एफएम-७ हा बॅलन्सर, आणि बाप मेई-९. बॅलन्सर म्हणजे उलटसुलट जोडलेला क्रोमोसोम, त्यात क्रॉसओव्हर झालेलं पिल्लू टिकत नाही म्हणून म्युटेशन एका जागी बांधलेलं राहतं, आणि एफएम-७ वर बार नावाची खूण असते त्यामुळे डोळा बघून ओळखता येतं, नरात तो अरुंद पट्टीसारखा आणि एक बॅलन्सर असलेल्या मादीत मूत्रपिंडाच्या आकाराचा. माश्यांना दोन-तीन दिवस अंडी घालू द्यायची, काढून टाकायच्या, दुसऱ्या दिवशी अर्ध्या व्हायलमधे फूडवर एमएमएसचं पातळ सोल्युशन टाकायचं आणि अर्ध्यांत नुसतं पाणी. मग दहाएक दिवस थांबायचं.

पाण्याच्या व्हायलमधून दोन्ही प्रकार निघाले, साधे डोळे आणि बार डोळे, जवळपास सारखे. एमएमएसच्या व्हायलमधून बार डोळेवाल्या निघाल्या, एक, दोन, दहा, वीस, आणि साध्या डोळ्यांची एकही नाही. मी तिसऱ्या दिवशी परत, चौथ्या दिवशी परत बघितलं. नाहीच. एकाच व्हायलमधे, एकाच फूडवर, एकाच आईची पिल्लं, ज्यांच्याकडे चालू कात्रीची एक तरी कॉपी होती ती सगळी जगली आणि ज्यांच्याकडे एकही नव्हती ती अळी असतानाच संपली. पहिल्या दिवशी ज्या दोन व्हायलमधे मला फरक दिसत नव्हता तो फरक असा समोर आला आणि मी खरंच थोडा वेळ तशीच बसून राहिले.

मग क्रॉसओव्हर. इथे सगळ्यात जास्त वेळ गेला आणि सगळ्यात जास्त शिकले पण इथेच.

तत्त्व सोपं आहे. दुसऱ्या क्रोमोसोमवर ओळीने चार खुणा असलेला स्टॉक घ्यायचा, एएल म्हणजे अँटेनाचा तुरा नीट नसणं, डीपी म्हणजे पंख टोकाला कापल्यासारखे, बी म्हणजे काळं अंग, पीआर म्हणजे जांभळट डोळे. आईकडे एक क्रोमोसोम या चारही खुणांचा आणि दुसरा साधा. बाप दोन्हीकडून चार खुणांचा, म्हणजे बापाकडून येणारं काही झाकत नाही आणि आईच्या अंड्यात काय घडलं ते पिल्लाच्या अंगावर सरळ वाचता येतं. चारही खुणा किंवा एकही खूण नाही तर मोजता येईल असा क्रॉसओव्हर नाही, मधेच तुटलेली ओळ, समजा एएल आणि डीपी आहे पण बी पीआर नाही, तर डीपी आणि बी च्या मधे क्रॉसओव्हर. एएल ते पीआर साधारण ५४ मॅप युनिट आहेत (मॅप युनिट म्हणजे क्रॉसओव्हर किती वेळा होतात त्यावरून मोजलेलं अंतर), म्हणजे चांगल्या मादीची निम्म्याच्या थोडी आत पिल्लं रिकॉम्बिनंट, म्हणजे तुटलेल्या ओळीची, निघायला हवीत.

तत्त्व सोपं असलं तरी ती आई तयार करायला तीन पिढ्या गेल्या. तिच्या दोन्ही एक्सवर मेई-९ हवा आणि दुसऱ्या क्रोमोसोमवर खुणांची एकच कॉपी हवी. एक्ससाठी एफएम-७, दुसऱ्यासाठी सीवायओ, ज्यात पंख वळलेले असतात, असे दोन बॅलन्सर एकाच वेळी सांभाळायचे आणि प्रत्येक पिढीला दहा-बारा दिवस. वहीत चौकोन काढून काढून मी पानं भरली. शेवटच्या क्रॉसमधून हव्या त्या मुली निघाल्या, साधे डोळे आणि सरळ पंख, आणि त्यांच्याच बहिणी निघाल्या ज्यांच्याकडे एक मेई-९ आणि एक एफएम-७. मी म्हटलं वा, कंट्रोल, म्हणजे तुलनेसाठीच्या माश्या, आपोआप मिळाला, बहिणीच वापरू, घर एक, वय एक, फूड एक.

सरांनी थांबवलं. म्हणाले, "अगं, एफएम-७ एक्सवरचा क्रॉसओव्हर अडवतो ना, मग बाकीच्या क्रोमोसोमवर काय होतं ते वाचलंस का?" मी वाचलं नव्हतं. एका क्रोमोसोमवर उलटा तुकडा असला की दुसऱ्या क्रोमोसोमवर क्रॉसओव्हर वाढतात, ड्रोसोफिलात हे कित्येक दशकांपासून माहीत आहे. म्हणजे माझ्या बहिणींचे आकडे मुळातच फुगलेले आले असते आणि म्युटंटचं नुकसान आहे त्याहून मोठं दिसलं असतं. बॅलन्सर नसलेला साधा एक्स घेऊन कंट्रोल नव्याने बांधला, आणखी दोन पिढ्या. तेव्हा जीव अगदी मेटाकुटीला आला होता पण आता वाटतं की त्या एका प्रश्नाने माझं सगळं काम वाचवलं.

मोजणी सुरू झाली. काळं अंग नुकत्या निघालेल्या माशीत ओळखता येत नाही कारण तेव्हा सगळ्याच फिकट असतात, म्हणून थोडं थांबून मोजायचं. जांभळट डोळ्यांसाठी शेजारी एक साधी माशी ठेवून, प्रकाश एकसारखा ठेवून बघायचं. अँटेनासाठी माशी उलटी-सुलटी करून तोंड वर करायचं. चार खुणावाल्या माश्या अशक्त असतात आणि उशिरा निघतात, म्हणून लवकर मोजणी बंद केली तर त्या कमी भरतात, आणि फार उशिरापर्यंत मोजलं तर पुढची पिढी मिसळते, त्यामुळे क्रॉस लावल्यापासून अठराव्या दिवशी मोजणी थांबवायची हे ठरवून टाकलं आणि पाळलं. म्युटंट आयांच्या व्हायल कायम रोडावलेल्या असायच्या, बरीच अंडी फुटायचीच नाहीत, का ते पुढे सांगते. त्यामुळे कंट्रोलच्या एका व्हायलइतकी पिल्लं मिळवायला म्युटंटच्या कितीतरी व्हायल लावाव्या लागायच्या.

दुसऱ्या बॅचला एक गोष्ट घडली. म्युटंटच्या ट्रेमधे एकही रिकॉम्बिनंट नाही. मला वाटलं पहिल्या बॅचमधे जे थोडे आले ती माझी खुणा वाचण्यातली चूक होती आणि खरं उत्तर शून्य आहे, मी इतकी खूष झाले की सिनियरला मेसेज पण केला. मग कंट्रोलचा ट्रे काढला. तिथेही शून्य. शेकडो माश्या आणि फक्त दोन प्रकार, सगळ्या खुणा किंवा एकही नाही. कंट्रोलमधे शून्य येणं शक्यच नाही! वही काढली, लेबलं बघितली आणि कळलं की त्या दिवशी घाईत मी पूर्ण बॅच उलटी लावली होती, चार खुणावाल्या माद्या आणि खुणांची एकच कॉपी असलेले नर. नरात क्रॉसओव्हर होतच नाही. माश्यांवर आनुवंशिकतेचा अभ्यास करणाऱ्या मॉर्गनने हे १९१२ मधेच सांगितलं होतं, आणि तेही याच दुसऱ्या क्रोमोसोमवर काळ्या अंगाची खूण वापरून. मला ते पाठ होतं, तरी हातून झालं. तीन आठवडे गेले. पण शंभर वर्षांपूर्वीचा प्रयोग नकळत आपल्या हातून परत झाला आणि तसाच निघाला, हे बघून त्या दुःखातही काहीतरी छान वाटलं होतं हे खरं आहे. कंट्रोल नसता तर मी ते शून्य घेऊन मीटिंगला गेले असते, हे आठवलं की अजूनही धडकी भरते.

नीट लावलेल्या बॅचचे आकडे जमत गेले तसं चित्र दिसायला लागलं. कंट्रोल अपेक्षेप्रमाणे. मेई-९ मधे क्रॉसओव्हर कंट्रोलच्या दहाव्या भागाच्या आसपास, जे आधीच्या लोकांनाही मिळालेलं आहे. पण मला जास्त गुंतवलं ते वेगळ्याच गोष्टीने. मी प्रत्येक मधली जागा वेगळी काढली, एएल ते डीपी, डीपी ते बी, बी ते पीआर, आणि घट सगळीकडे साधारण सारख्याच प्रमाणात होती. सगळ्या म्युटंटमधे असं नसतं. मेई-२१८ सारख्या म्युटंटमधे क्रॉसओव्हर कमी तर होतातच पण उरलेल्यांची जागाही बदलते, सेंट्रोमिअरजवळ, म्हणजे क्रोमोसोमच्या कमरेजवळ, जिथे एरवी फारसे होत नाहीत तिथे त्यांचा वाटा वाढतो. यावरून जुन्या लोकांनी, माश्यांच्या जीनची अक्षरं वाचता येत नव्हती तेव्हा, नुसत्या माश्या मोजून सांगितलं होतं की काही जीन क्रॉसओव्हर कुठे होणार ते ठरवतात आणि मेई-९ त्या नंतर येतो, जागा ठरल्यावर प्रत्यक्ष देवाणघेवाण पूर्ण करणारा. पुढे तो कात्री निघाला तेव्हा ते तंतोतंत बसलं. वाटणीची जागा ठरवणारे शाबूत आहेत, कापणारा गैरहजर आहे, म्हणून सगळीकडे सारखीच घट. हे माझ्या स्वतःच्या तक्त्यात तीन आकड्यांत दिसलं तेव्हा मी ते परत परत जोडून बघितलं.

तिसरा भाग, क्रोमोसोमची वाटणी. यासाठी नर असे घ्यायचे ज्यांच्या वाय क्रोमोसोमवर बार स्टोन ही डोळ्याची खूण चिकटवलेली आहे. सगळं सुरळीत झालं तर मुली साध्या डोळ्यांच्या आणि मुलगे बार डोळ्यांचे. अंड्यात चुकून दोन्ही एक्स गेले तर बार डोळ्यांची मुलगी निघते, एकही एक्स गेला नाही तर साध्या डोळ्यांचा मुलगा निघतो, जो वांझ असतो. आणि चुकीच्या अंड्यांतली निम्मी तर दिसतच नाहीत, कारण तीन एक्सवाल्या बहुतेक मरतात आणि नुसता वायवाले सगळे मरतात, म्हणून दिसलेल्या चुकीच्या माश्या हिशोबात दुप्पट धरायच्या. कंट्रोलमधे अशी माशी दिसली तर सगळ्यांना बोलावून दाखवावी इतकी दुर्मिळ. मेई-९ मधे जवळजवळ प्रत्येक व्हायलमधे.

व्हायल रोडावलेल्या का असायच्या ते इथे कळलं. क्रॉसओव्हर हा दोन क्रोमोसोमना वाटणी होईपर्यंत एकत्र धरून ठेवणारा गाठीसारखा दुवा पण असतो. तो नसेल तर दोघं एकाच बाजूला जाऊ शकतात. माशीकडे क्रॉसओव्हर न झालेल्या क्रोमोसोमसाठी एक वेगळी सोय असते, चौथा छोटा क्रोमोसोम कायम त्याच सोयीने वाटला जातो, आणि एखाद्या वेळी एक्सची जोडी सुटी राहिली तरी निभावतं. पण मेई-९ मधे एक्स, दुसरा, तिसरा सगळेच एकदम सुटे राहू शकतात, तेवढ्यांना ती सोय पुरत नाही. आणि दुसरा किंवा तिसरा चुकीचा वाटला गेला की ते अंडं जगतच नाही. माझ्या व्हायलमधली ती न फुटलेली पांढरी अंडी म्हणजे हीच.

मधे एकदा सिनियरला मदत म्हणून तिच्या ओक्राच्या माश्यांची अंडी मोजली, ते लिहिल्याशिवाय राहवत नाही. ड्रोसोफिलाच्या अंड्याला पुढच्या बाजूला पाठीवर दोन शिंगांसारखे धागे असतात. ओक्रा म्हणजे आरएडी-५४ चा जीन, तुटलेला डीएनए जोडणारा, तो बिघडला की अंड्यांवरचे दोन धागे एकमेकांना चिकटतात किंवा नसतातच. डीएनए दुरुस्तीचा आणि अंड्याच्या आकाराचा काय संबंध? तर तुटका डीएनए तसाच राहिला की मेई-४१, जो माणसातल्या एटीआरसारखा पहारेकरी आहे, धोक्याची सूचना देतो, त्यामुळे गुरकेन नावाचं प्रोटीन पुरेसं बनत नाही, आणि अंड्याची पाठ कुठली हे गुरकेनच ठरवतो. आता ओक्राच्या जोडीला मेई-डब्ल्यू६८ पण बिघडवला, म्हणजे मुळात डीएनए तोडणाराच काढून टाकला, तर धागे परत दोन! सिनियरच्या प्लेटवर मी ते स्वतः मोजले, एका प्लेटवर चिकटलेले, शेजारच्या प्लेटवर ज्यात दोन जीन बिघडलेले तिथे सुबक, वेगवेगळे. तोडलंच नाही तर जोडायला काही नाही आणि पहारेकरीही गप्प. मात्र त्या सुबक अंड्यांत क्रॉसओव्हर नाहीत, म्हणजे वाटणीचा घोळ आहेच, तो फक्त बाहेरून दिसत नाही.

सात महिन्यांच्या शेवटी मला मनात धरून ठेवावीशी वाटली ती गोष्ट म्हणजे मेई-९ ची दोन कामं. अळीच्या अंगात ती कात्री केमिकलने खराब झालेला तुकडा काढते, अंड्यात तीच कात्री क्रॉसओव्हर पूर्ण करते. मला सुरुवातीला वाटायचं की हे एकच काम दोन जागी आहे. तसं नाहीये. अंड्यात तिला मस-३१२ नावाचा जोडीदार लागतो, आणि मेई-९ चं एक म्युटेशन असं मिळालेलं आहे ज्यात फक्त एक अमिनो आम्ल बदललंय आणि तेवढ्याने मस-३१२ शी असलेला हात सुटतो. त्या माशीत तुकडा काढणारी दुरुस्ती चालू राहते आणि क्रॉसओव्हर मात्र जातात. कात्री तीच, धारही तशीच, फक्त धरणारा हात नाही.

त्या म्युटेशनची व्हायल आता माझ्या ट्रेमधे आहे. मायक्रोस्कोपखाली बघितली, अर्थातच काही फरक दिसला नाही. एमएमएसची टेस्ट परवा लावली, मोजणी पुढच्या आठवड्यापासून.